सभासद किती? तीन रजिस्टरं, तीन आकडे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका बिगरशेती सहकारी पतसंस्थेत मी व्यवस्थापक आहे. नऊ शाखा आहेत. वार्षिक सभेचा अहवाल छापायला टाकताना अध्यक्षांनी सभासद संख्या विचारली. शेअर विभागाने अठरा हजारांच्या आसपास सांगितली, संगणकातून एकवीस हजारांवर निघाली आणि गेल्या निवडणुकीच्या मतदार यादीत चौदा हजारच नावं. सभेत कुणी उठून विचारलं असतं तर पंचाईत होती. संचालक मंडळ म्हणतंय, सॉफ्टवेअर जुनाट झालंय, बदलून टाका. एका कंपनीने डॅशबोर्ड दाखवला, त्यात एआयसुद्धा आहे म्हणतात. कोटेशन आलंय. काय करावं?

उत्तर : कोटेशन तूर्त ड्रॉवरमध्ये ठेवा. कंपनीला ‘मार्चनंतर बघू’ म्हणून कळवा. ते फोन करत राहतील, करू द्या.

तुमचे तिन्ही आकडे बरोबर असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. ज्यांच्या नावावर भाग आहेत ते सगळे शेअर विभाग मोजतो. त्यात वारलेले सभासदही आले, कारण पाचशे-हजाराच्या शेअरसाठी वारस हस्तांतराचा अर्ज घेऊन येत नाहीत. संगणक मोजतो ग्राहक क्रमांक. तिथे कर्जापुरते करून घेतलेले नाममात्र सभासद आले, नुसते ठेवीदार आले, आणि एकाने दोन शाखांत खाती उघडली असतील तर तो दोनदा आला. मतदार यादीत मताचा हक्क असलेले तेवढेच. नाममात्र सभासदाला मत नाही, म्हणजे ते गळाले. तिघांनी आपापल्या समजुतीप्रमाणे उत्तर दिलं. सभासद म्हणजे कोण, हे त्यांना आजवर कुणी बसवून सांगितलेलंच नाही. नवीन सॉफ्टवेअर आणलंत तर हेच तीन आकडे रंगीत गोलांमध्ये दिसतील, एवढाच फरक.

तेव्हा आधी कागद-पेन्सिल घ्या. शेअर विभागातला माणूस, एक शाखाधिकारी, संगणक विभागातला मुलगा आणि वसुली अधिकारी, असे चौघे एका टेबलाशी बसवा. वसुलीवाल्यांना वगळू नका. कोण वारलं, कोण पुण्याला गेलं, कुणाचा मोबाईल आता मुलाकडे असतो, हे संस्थेत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पण ते असतं त्यांच्या खिशातल्या डायरीत. मग एका खऱ्या सभासदाची फाईल काढा. सरळसोट फाईल नको. माहेरच्या गावच्या शाखेत एक खातं आणि लग्नानंतर सासरच्या शाखेत दुसरं, अशी एखादी बाई शोधा. नऊ शाखांत ती लगेच सापडेल.

तिचा अर्ज कुठे आला, मंडळाने ठराव कधी केला, ‘आय’ नमुन्याच्या, म्हणजे सभासदांच्या, रजिस्टरला नाव कुणी चढवलं, भाग दाखला कुणी दिला, संगणकात कुणी भरलं, तिथून लाभांशाच्या यादीत आणि एसएमएसच्या यादीत ते कसं गेलं, याच्या बाणाबाणांनी रेषा काढा. प्रत्येक थांब्यावर दोनच गोष्टी लिहायच्या. ही माहिती इथेच पहिल्यांदा नोंदली गेली की दुसरीकडून उतरवली? आणि इथे ती बदलायची झाली तर कुणाच्या सहीने?

दुसऱ्या प्रश्नाशी गाडी अडकेल. शाखेच्या काउंटरवर बाईंनी नवा पत्ता दिला, क्लार्कने संगणकात बदलला, पण शेअर विभागाला कुणी कळवलं नाही. परत आलेल्या लाभांशाच्या पाकिटांचा गठ्ठा तुमच्या मुख्य कार्यालयातल्या कुठल्या तरी कपाटात नक्की असणार. तो काढा. मृत कोण, स्थलांतरित कोण, पत्ता कुठे चुकला, याची इतकी चांगली यादी तुम्हाला कुठलीही कंपनी करून देणार नाही, आणि ती तुमच्याकडे फुकट पडून आहे.

त्याच बाईंचं नाव बघा. पहिल्या शाखेत मधलं नाव वडिलांचं, दुसरीत नवऱ्याचं; आडनावही दोन. मोबाईलवरून ओळख पटवायला जाल तर घरातल्या पाच जणांना एकच नंबर लावलेला. उरतो पॅन. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. लग्नानंतर कार्डावरचं नाव बदलून घेतलं तरी क्रमांक तोच राहतो, म्हणजे पाचवं अक्षर माहेरचंच. हे माहीत नसलेला क्लार्क ‘आडनावाशी जुळत नाही’ म्हणून रकाना कोरा सोडतो, आणि दोन खाती एकाच बाईंची आहेत हे सांगणारा भरवशाचा धागा तिथेच तुटतो. शाखांतले कोरे पॅन मोजा. बायकांचे किती आणि पुरुषांचे किती, हे वेगळं मोजा.

आता बदलांच्या शिस्तीबद्दल. सातबारा म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतील, तरी सांगते. महसूल खात्याचे गाव नमुने एक ते एकवीस ही आपल्याकडची जुनी आणि बऱ्यापैकी विचार करून बसवलेली माहिती व्यवस्था आहे. कुठल्या नमुन्यात काय लिहायचं हे ठरलेलं. सात नंबरला हक्क, बाराला पिकं, आठ-अ ला खातेदाराची एकूण जमीन, आणि सहाला फेरफार. मालकाचं नाव बदलायचं तर आधी सहा नंबरला नोंद पडते, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात, आणि मगच सातबाऱ्यावर अंमल होतो. जुनं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात आणि नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक घालतात. लिहिणारा तलाठी, प्रमाणित करणारा दुसराच. चाळीस वर्षांपूर्वीचा बदल का झाला, हे त्या क्रमांकावरून आजही काढता येतं. प्रत्यक्षात किती घोळ असतात ते तुम्हीआम्ही जाणतो, पण घोळ झाला हे समजतं तेसुद्धा त्या क्रमांकामुळेच. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदाचा पत्ता बदलला की जुना कुठे जातो? विचारून बघा. बहुतेक ठिकाणी तो पुसला जातो आणि कुणी पुसला तेही कळत नाही, कारण काउंटरवरचे तिघं एकाच पासवर्डने काम करतात.

ही रेषा पूर्ण झाली की एका पानावर व्याख्या लिहा. सभासद, नाममात्र सभासद, मतदार, ग्राहक, थकबाकीदार. प्रत्येकासमोर तो कसा मोजायचा, कुठल्या तारखेला, कुठल्या रजिस्टरवरून आणि उत्तर द्यायला बांधील कोण. ‘थकबाकीदार’ला जास्त वेळ लागेल. वसुली विभागाच्या लेखी एक हप्ता चुकला की माणूस थकबाकीदार, शाखेच्या लेखी मुदत संपल्यावर, आणि लेखापरीक्षकांचं मोजमाप आणखी वेगळं. भांडणं होतील, होऊ द्या. पान पक्कं झालं की मंडळापुढे ठेवून ठराव करून घ्या, म्हणजे पुढचे व्यवस्थापक आल्यावर ते गुंडाळलं जाणार नाही.

एका गोष्टीत मात्र माझा आग्रह आहे. उत्तरदायी म्हणून संगणक विभागाचं नाव लिहू नका. सगळ्या संस्था हेच करतात. ‘डेटा म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचं काम’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्या मुलाने यंत्रं चालू ठेवायची, बॅकअप घ्यायचे, कुणाला काय बघता येईल ते सांभाळायचं. सभासद जिवंत आहे की नाही हे तो कुठून सांगणार? सभासदांच्या नोंदीला शेअर विभाग जबाबदार, कर्जाच्या नोंदीला कर्ज विभाग, तारणाच्या दागिन्यांच्या वजनाला शाखाधिकारी. मी बँकेत लागले तेव्हा लेजर पोस्टिंग मशीनं नुकती आली होती, आणि तेव्हापासून ऐकतेय, ‘मशीनने चूक केली’.

एवढं करूनही सॉफ्टवेअर बदलावंसं वाटलं तर जरूर बदला. काही प्रणाली खरंच बदलण्याच्या लायकीच्या असतात. फक्त डॅशबोर्ड बघण्याआधी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. प्रत्येक कोष्टकातल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी यादी देणार का? उद्या तुम्हाला सोडलं तर सगळा डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल? आणि बदलाची नोंद, म्हणजे कुणी, कधी, काय बदललं, आधी काय होतं, ही आमच्या हाती राहील की तुमच्या? पहिल्याच प्रश्नाला ‘ते आमचं अंतर्गत आहे’ असं उत्तर आलं तर चहा पाजून पाठवून द्या. नवी प्रणाली घेतल्यावर जुनी लगेच बंद करू नका. दोन्ही समांतर चालवा, निदान एका व्याज आकारणीतून जाऊ द्या, आणि तेरीजपत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा, शाखानिहाय जुळल्याशिवाय जुन्या सर्व्हरला हात लावू नका.

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेच्या कार्यालयात एक ज्येष्ठ लिपिक आहेत. फी, शिष्यवृत्ती, बस, वसतिगृह, सगळं त्यांच्या एका एक्सेल फाईलवर चालतं. येत्या मे अखेर ते निवृत्त होतात. त्यांच्या जागी येणाऱ्या मुलीला ती फाईल कळत नाही. फाईल देऊन टाकली की झालं, असं या लिपिक सरांचं म्हणणं. — कार्यालय अधीक्षक, अमरावती जिल्हा

उत्तर : झालं नाही. फाईल मिळेल, पण फाईलमध्ये जे लिहिलेलं नाही ते सरांबरोबर घरी जाईल. त्या मुलीला आत्तापासून त्यांच्या शेजारी बसवा. सर काय करतात हे तिने विचारायचं नाही, बघायचं. माणूस सांगताना हमखास विसरतो ते करताना दिसतं.

सगळ्यात आधी रंग बघा. अशा फाईलमध्ये काही ओळी पिवळ्या असतात, काही गुलाबी, एखादा रकाना राखाडी. पिवळी म्हणजे शिष्यवृत्ती मंजूर, गुलाबी म्हणजे दाखला नेला, असला काहीतरी हिशेब सरांच्या डोक्यात असतो. फाईल दुसऱ्या प्रणालीत टाकली की रंग जातात, आणि रंगाबरोबर अर्थही. प्रत्येक रंगासाठी एक रकाना उघडा आणि त्यात शब्दात लिहा.

मग आकडे तपासा. एक्सेल नकळत दोन खोड्या करतं. सुरुवातीचं शून्य गाळतं, आणि पंधरापेक्षा जास्त अंकांच्या संख्येतले पंधरानंतरचे अंक शून्य करून टाकतं. सोळा अंकी बँक खात्याचा शेवटचा अंक शून्य दिसला की शंका घ्या. एकदा गेलेला अंक फाईलमधून परत येत नाही, पासबुकच मागवावं लागतं. खाते क्रमांकाचा रकाना भरण्याआधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा, नंतर करून उपयोग नाही.

‘एक्सेलवर एवढं चालतंय तर बिघडलं काय’ असं सर म्हणाले तर त्यांना इंग्लंडचं उदाहरण सांगा. २०२० मध्ये करोनाच्या ऐन धामधुमीत तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओढून घेतले. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून गळाले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. तुमच्या संस्थेत एवढी मुलं नाहीत, मान्य. पण जागा संपली तरी फाईल ओरडत नाही, हे तुम्हालाही लागू आहे.

शाळेत एक गोष्ट मात्र आयती आहे, ती वापरा. नाव, जन्मतारीख, जात यांचं मूळ जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत. बाकी सगळं, म्हणजे यू-डायस या सरकारी शाळा-माहिती पोर्टलवरची नोंद, बसची यादी आणि सरांची फाईलसुद्धा, नुसती उतरवलेली प्रत. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज अडकला की आपल्याकडे फाईलमधलं नाव आधारप्रमाणे बदलून टाकतात आणि जनरल रजिस्टर तसंच राहतं. पुढे दाखल्यावर तिसरंच नाव येतं. फाईलमध्ये रजिस्टर क्रमांकाचा रकाना पहिला ठेवा आणि ‘आधारवरील नाव’ असा वेगळा रकाना करा. फरक लपवू नका, दिसू द्या. तो मिटवायचा तर रीतसर मंजुरी घेऊन रजिस्टरमध्ये किंवा आधार केंद्रावर जाऊन मिटवायचा.

आणि हो, ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल सरांची’ या तीनपैकी चालू फाईल कुठली, ते सर असतानाच विचारून घ्या.

प्रश्न : आमची ट्रस्टची रक्तपेढी छत्रपती संभाजीनगरात आहे. रक्तदात्यांची वीस वर्षांची यादी आहे. गाव आणि आडनाव टाकून शोधलं की निम्मे दाते सापडत नाहीत. समोर यादीत ‘कुऱ्हाडे’ दिसतात आणि शोधलं तर ‘नोंद नाही’ येतं. मशीन बिघडलंय का?

उत्तर : मशीन ठीक आहे. ‘कुऱ्हाडे’मधला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. ‘ॲ’चंही तेच. एक सलग अक्षर आहे, आणि अ वर अर्धचंद्र देऊन केलेलं दुसरं. तुमच्याकडे वीस वर्षांत चार-पाच जणांनी टायपिंग केलेलं असणार. संगणकाच्या जाणकाराकडून एकदा सगळ्या नोंदी एकाच तऱ्हेत करून घ्या, आणि पुढे नवी नोंद आत येतानाच तशी होईल असं बसवून घ्या. किरकोळ काम आहे, फार पैसे कुणी सांगितले तर देऊ नका. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या नोंदी असतील तर त्या मात्र आधी रूपांतरित कराव्या लागतील, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतील. तिथे घाई करू नका.

गावांचं दुखणं वेगळं. पिंपळगाव, वडगाव, निमगाव तुमच्या आसपासच किती निघतील! शिवाय तालुक्या-जिल्ह्यांची नावं बदलतात. तुमच्या यादीत औरंगाबादही असेल आणि छत्रपती संभाजीनगरही, उस्मानाबाद आणि धाराशिव, आणि २०२४ नंतर अहमदनगर आणि अहिल्यानगर. ठाणे जिल्ह्यातून २०१४ मध्ये पालघर निघाला तेव्हा तर पत्ता तोच राहून जिल्हा बदलला. यावर इलाज तयार आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची एलजीडी नावाची निर्देशिका आहे, तीत प्रत्येक गावाला क्रमांक आहे आणि ती सर्वांना बघता येते. नोंदीत तो क्रमांक ठेवा. नाव त्यावरून दाखवता येतं आणि सरकारने बदललं की एकाच ठिकाणी बदलतं. दात्याने सांगितलेलं गावाचं नाव मात्र त्याच्याच शब्दांत वेगळ्या रकान्यात राहू द्या. रात्री दोन वाजता फोन करून ‘तुमचं गाव कुठलं’ विचारलं, तर तो तेच नाव सांगणार आहे.

वीस वर्षांच्या यादीत आणखी एक बघाच. शेवटचं रक्तदान कधी, ही तारीख प्रत्येकासमोर आहे का? नसेल तर आडनावांच्या आधी तिच्या मागे लागा.

प्रश्न : माझा दवाखाना आहे. पेशंटच्या मोबाईल नंबरांची यादी ओळखीच्या लॅबवाल्यांनी मागितली आहे, तपासणी शिबिराच्या जाहिरातीसाठी. द्यावी का?

उत्तर : देऊ नका. पेशंटने नंबर दिला तो तुमच्याकडच्या उपचारापुरता. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला माहिती वापरायची, हा त्यातला गाभा, आणि सुरक्षेत हयगय केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. तुमच्यावर तेवढी वेळ येणार नाही, पण गावात ‘डॉक्टरांनी नंबर विकले’ ही बोलवा एका दुपारीत फिरेल. शिबिराचा फलक दवाखान्यात लावा, ज्याला यायचं तो नंबर स्वतः देईल. जाताजाता, कपाटातल्या आधारच्या झेरॉक्सही बघा. घेतल्या होत्या कशासाठी, हे आठवत नसेल तर फाडून टाका.

प्रश्न : बॅकअप रोज रात्री आपोआप होतो. एवढं पुरेसं आहे ना? — एका ग्राहक भांडाराचे सचिव

उत्तर : तो परत उघडून कधी बघितलात? येत्या सुट्टीच्या दिवशी एक मोकळा संगणक घ्या, त्यावर कालचा बॅकअप चढवा आणि कुठल्याही एका सभासदाचा खातेउतारा छापून मूळ उताऱ्याशेजारी ठेवा. बॅकअपची डिस्क सर्व्हरच्याच टेबलावर ठेवलेली असेल तर तेवढी आजच दुसऱ्या इमारतीत हलवा.